डाव्या कडेला थांबणारी गाडी

सांगली-मिरज रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त करणारं आता एकच गॅरेज उरलं होतं. शेजारच्या दोन्ही गॅरेजांत बॅटऱ्या बदलणारी यंत्रं आली होती. जुबेदा शिकलगारच्या हाताला मात्र अजून ग्रीस लागत होतं. गुरुवारी सकाळी तिचे जुने गिऱ्हाईक श्रीपाल आवटी आपली एकोणीस वर्षांची पांढरी गाडी घेऊन आले आणि किल्लीच्या आधी त्यांनी तिच्या हातात एक वही ठेवली.

आवटी पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी मोजमापाची सवय सुटली नव्हती. वहीत तारीख, वेळ, ठिकाण सगळं नोंदलेलं. पुढे प्रत्येक ओळीत तेच: ‘इंजिन बंद. किल्ली फिरवताच सुरू.’

“सात वेळा बंद पडली, जुबेदाताई. पेट्रोलचा पंप बदलून झाला, फिल्टर बदलून झाला. शेवटी एकजण म्हणाला, हा सगळा डब्याचा उपद्व्याप आहे. काढून टाका तो.”

डबा म्हणजे ‘सांभाळ’. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांना तो बसवणं नव्या कायद्याने सक्तीचं झालं होतं. स्टिअरिंगखाली बसणारं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. गाडी भलतीकडे जायला लागली की स्टिअरिंग आणि ब्रेक ताब्यात घ्यायचं. लोकांना ते आवडत नसे. आपल्या गाडीत परका माणूस बसल्यासारखं वाटतं, म्हणत.

“डबा काढला तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, अण्णा.”

“त्याचं मी बघतो. आठवड्यातून तीनदा पद्मावतीला डायलिसिसला न्यायचं असतं. ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली असते. जाग येते आणि बघते तर गाडी उभी. घाबरते ओ ती. चालकाविना टॅक्सी आमच्या बोळात शिरत नाही.”

“तीन दिवस गाडी ठेवा माझ्याकडे. वहिनींना मी नेऊन आणते.”

तीन दिवस जुबेदाने ती गाडी तासगावपर्यंत पळवली, उन्हात तापवली, चढावर चढवली. पद्मावतीबाईंना घेऊन मिरजेला दोन खेपा केल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. वायरी, सेन्सर, पेट्रोलचा दाब, सगळं जागच्या जागी. मग तिने डब्याला निदानयंत्र जोडलं. पडद्यावर सात नोंदी आल्या. तारखा वहीतल्याच. प्रत्येकीपुढे लिहिलं होतं: ‘इंजिन थांबवले. कारण: राखीव.’

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. ‘थांबले’ नव्हे, ‘थांबवले’.

कंपनीच्या मदतकेंद्राला तिने फोन लावला. पलीकडचा आवाज गोड होता. “ही चालकाची वैयक्तिक माहिती आहे. गॅरेजला देता येत नाही.”

“मग चालकाला तरी सांगा.”

“त्यांनी लेखी अर्ज करावा. साठ दिवसांत उत्तर मिळेल.”

सोमवारी सकाळी आवटी आले, तेव्हा तिने वही पुढ्यात घेतली. “अण्णा, बंद पडली तेव्हा गाडी रस्त्यात कुठं होती?”

“कडेला. डाव्या.”

“सातही वेळा? कडेला तुम्ही घेतली?”

“घेतली असणार की.”

“आणि इंडिकेटर?”

आवटी आठवायला लागले. “चालू असायचा.”

“इंजिन मरतं, अण्णा. पण इंडिकेटर लावून मरत नाही. चला, तुम्ही चालवा. मी बाजूला बसते.”

इंजिनाचा आवाज नंतर नीट ऐकता यावा म्हणून तिने फोन रेकॉर्डिंगला लावून पुढे ठेवला. आवटी गाडी छान चालवत होते. वानलेसवाडी मागे पडली, म्हैसाळच्या कालव्याच्या गोष्टी निघाल्या. “तेव्हा उन्हातान्हात आम्ही दुर्बीण लावून…” आणि ते गप्प झाले.

जुबेदाने वळून बघितलं. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. ओठ चघळल्यासारखे हलत होते, डावा हात शर्टाच्या गुंडीशी चाळा करत होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. ती स्टिअरिंगकडे झेपावणार, तोच ते आपणहून वळलं. इंडिकेटर टिकटिकायला लागला. गाडी हळूच डाव्या कडेला गेली, उभी राहिली आणि इंजिन बंद झालं.

“…उभे राहायचो तासन्‌तास,” आवटी म्हणाले. मग त्यांनी समोर बघितलं आणि जवळजवळ आनंदाने ओरडले, “बघा! पडली ना बंद? आता सापडेल दोष!”

आजवर शेकडो लोकांना तिने गाडीचे दोष सांगितले होते. कधी शब्द अडले नव्हते.

“गाडीत दोष नाही, अण्णा. तुम्ही मघाशी इथं नव्हता.”

“म्हणजे? मी झोपलो नव्हतो!”

“झोपला नव्हताच. डोळे उघडे होते.”

ते चिडले. डबा विकणाऱ्यांना सामील झालात म्हणाले. जुबेदाने वाद घातला नाही. फोन उचलला आणि रेकॉर्डिंग लावलं. आवटींचा आवाज आला, ‘दुर्बीण लावून’, आणि तुटला. मग नुसती टिकटिक. आवटी बोटांवर ठोके मोजायला लागले. सोळा ठोके झाल्यावर त्यांचा स्वतःचा आवाज परत आला, मध्ये काहीच घडलं नसल्यासारखा.

“सेकंदाला दीड ठोका. अकरा सेकंद असतील,” ते हळू आवाजात म्हणाले आणि दार उघडून तिच्या बाजूला आले. “तुम्ही चालवा.”

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. अपस्माराचाच एक प्रकार निघाला. झटके येत नाहीत, माणूस नुसता काही क्षण हरवतो आणि त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण सहा महिने तरी गाडी चालवायची नाही. आवटींनी किल्ली जुबेदाकडे दिली. डायलिसिसचे तीन दिवस तिने वाटून घेतले. दोन ती, एक तिचा भाऊ.

दुसऱ्याच आठवड्यात मिरजेला जाताना आवटी डावीकडच्या सीटवर बसले होते. शाळा सुटली होती. मुलं घोळक्याने रस्ता ओलांडत होती. जुबेदाने गाडी थांबवून त्यांना वाट दिली.

“जुबेदाताई,” आवटी म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, हे दोन-तीन वर्षांपासून असणार. सांभाळ बसवून पाच महिने झाले.”

मागच्या सीटवर पद्मावतीबाईंनी डोळे उघडले.

“त्याआधी ते अकरा-अकरा सेकंद,” आवटींनी विचारलं, “गाडी कोण चालवत होतं?”