सर, घेतलो

काम साधं होतं. नांदेडला जाऊन एक टायर आणायचा. विमानाचा टायर, म्हणून विमानानंच आणायचा, एवढंच काय ते निराळं. गेल्या वर्षीची तीन डिसेंबर, मंगळवार.

लुंबिनी, तू सोमवारी विमान शिकायला चाललीस म्हणून सांगतो. नाहीतर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बापालाही नाही. दार तेवढं लोटून घे. संघपाल, मोबाईल ठेव खाली.

पण टायरच्या आधी शिवलिंग कोण ते सांगायला पाहिजे. लातूरच्या बाजूला एका विमान शिकवणाऱ्या शाळेत मी हेल्पर होतो, हे तुम्हाला माहीत आहे. विमानं पुसायची, हवा भरायची, हँगरातल्या रेडिओपाशी बसायचं. शिवलिंग तिथं शिकायला आलेला देगलूरचा पोरगा. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी खायचा आणि मला विमान शिकवायचा. तू मघाशी विचारलंस ना, वर इंजिन बंद पडलं तर? त्यानं मला ते पाठ करून दिलं होतं. "काका, विमान दगडावानी पडत न्हाई. तरंगत येतंय. नाक जरा खाली, वेग सांभाळायचा, मोकळं रान बघायचं, मग रेडिओवर बोलायचं. आधी बोलत बसलं की मेलो."

छोट्या विमानात दोघांपुढं एकेक हँडल असतं. म्हणून आत्ता कोण चालवतंय हे मोठ्यानं सांगावं लागतं. सोडणारा म्हणणार 'दिलं', धरणारा म्हणणार 'घेतलं'. शिकवणारे सुदर्शन सर पुण्याचे. शिवलिंग म्हणायचा, "सर, घेतलो." आपण सगळे तसंच बोलतो, केलो, खाल्लो, घेतलो. पण सर सगळ्या पोरांपुढं त्याची नक्कल करायचे. "अरे, तू घेतलंस की तुलाच कुणी घेतलं?" पोरं हसायची. मीही हसायचो. पंचवीस वर्षं साहेब लोकांत राहून माझी जीभ सुधारली होती ना!

आणि खाली उतरला की तो हेडफोनची वायर गुंडाळून तिला दाव्याची गाठ मारायचा. बैल बांधतो ती, एक टोक ओढलं की सुटणारी. त्यावरूनही सर बोलायचे. "इथं बैल आहेत का?"

त्याच वर्षी फेब्रुवारीत, अहमदपूरच्या वर, या दोघांच्या विमानाचं इंजिन बंद पडलं. सरांनी घाबरून हँडल आवळलं. त्यावर बोलायचं बटण असतं, ते दाबलं गेलं, आणि आतलं सगळं मला रेडिओवर ऐकू आलं. सर आईला हाका मारत होते. त्यात पोराचा आवाज आला, घरात कुणाला पाणी मागावं इतका शांत. "सर, हात सोडा. घेतलो." पडीक रानात उतरवलं त्यानं. कुणाला खरचटलंही नाही.

चौकशीत सरांनी लिहून दिलं की पोरगा घाबरला आणि विमान त्यांनी वाचवलं. मग मला विचारलं, रेडिओवर काय ऐकलंत? शिवलिंग समोरच उभा होता. माझ्याकडं बघत होता, आता काका सांगतील म्हणून. माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि कंत्राटावर सही सरांची. मी अगदी शुद्ध मराठीत खोटं बोललो. "मला काही ऐकू आलं नाही."

त्याला काढून टाकलं. जाताना मला एवढंच म्हणाला, "काका, वेळेवर जेवत जावा." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. जूनमध्ये देगलूर-नरसी रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. मी मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

तर, तीन डिसेंबर. सर आणि नाशिकची समीक्षा नावाची मुलगी टायर आणायला नांदेडला गेले. टायर मागच्या सीटवर टाकून निघाले. अंधार पडायच्या आत उतरायचं असतं. मी रेडिओपाशी बसून चहा पीत होतो. घड्याळात पाच चाळीस.

रेडिओ खरखरला.

इंजिनचा आवाज नव्हता. नुसता वारा. आणि कुणाचा तरी मोठमोठ्यानं श्वास. तो श्वास मी ओळखला. सरांनी पुन्हा हँडल आवळलं होतं.

"सर, घ्या! सर, मला येत नाहीये! सर..."

सर बोलेनात.

"सर...!"

मग ती पोरगीही गप्प झाली. वारा. नुसता वारा. 

आणि मग...

अगदी जवळून. शांत.

"सर, हात सोडा."

...

"घेतलो."

खट्. रेडिओ बंद.

मी बाहेर पळालो. पश्चिमेला थोडा उजेड होता. लिंबाच्या झाडांवरून विमान आलं. पंखा उभाच्या उभा, फिरत नव्हता. नाक जरा खाली. आवाज नाही. कसलाच नाही. धावपट्टीच्या मधोमध टेकलं. थांबलं.

मी दार उघडलं. समीक्षाचे दोन्ही हात मांडीवर. सरांनी तोंड झाकून घेतलेलं.

"सर घेतलं म्हणाले," ती म्हणाली, "म्हणून मी सोडलं."

सरांनी हात काढले. तिच्याकडं बघितलं. "मी... मला वाटलं, तू म्हणालीस."

मग सर माझ्याकडं वळले. ओठ पांढरे पडले होते.

"ज्ञानोबा, तुम्हाला रेडिओवर काही ऐकू आलं?"

माणसाला असं दुसऱ्यांदा कोण विचारतं, पोरांनो? मला विचारलं गेलं. आणि मी म्हणालो, "नुसती खरखर होती, सर."

आठ दिवसांनी सरांचा सत्कार झाला. संकटात डोकं शांत ठेवल्याबद्दल शाल, श्रीफळ. हाराचं ताट माझ्या हातात होतं. सर खाली बघत होते, मी ताटात बघत होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा ताट खाली ठेवून मीही वाजवल्या. लाज वाटत होती तरी वाजवल्या, हे सांगायलाच मी आज बसलोय.

पण विमान उतरलं त्याच रात्री, सगळे गेल्यावर, मी टॉर्च घेऊन टायर काढायला विमानात चढलो होतो. टायर सीटवर नव्हता. खाली, पाय ठेवायच्या जागी, नीट टेकवून ठेवलेला. सीट मोकळी. आणि सीटवर मागचा हेडफोन होता. वायर गुंडाळलेली...

संघपाल, त्या खुंटीवरची पिशवी आण. हां. काढ बाहेर.

बिघडलाय असं लिहून मी तो घरी आणला. त्याच्या बापाला नेऊन द्यावा, सगळं सांगावं, म्हणून दोनदा देगलूरच्या स्टँडवर उतरलो. दोन्ही वेळा तिथूनच परतीची एसटी पकडली. ही बघ गाठ. लुंबिनी, तुझ्या आजोळच्या गोठ्यात तू हजारदा सोडली असशील. ओढ ते टोक.

लुंबिनीनं ओढलं. एकदा. मग हाताला वेढा देऊन, जोर लावून.

"आबा... सुटंना ही."

"हाव," मी म्हणालो. "मलाबी वरीस झालं, सुटंना."