प्रेमसिंगची पिकअप

तुरीच्या राखणीला बसलेल्या पोरांपुढे रामरावांनी शेकोटीत कपाशीची वाळलेली पऱ्हाटी सारली. "ऐकीव गोष्ट नाही सांगून राह्यलो. प्रेमसिंगनं मले दवाखान्यात सोताच्या तोंडानं सांगितली."

मागच्या डिसेंबरची चौदा तारीख, रविवार. जुन्या पिकअपची डिझेलची टाकी गळत होती. प्रेमसिंग लोहाऱ्याहून दुसरी टाकी, दोन पट्टे आणि नवा पाइप घेऊन दारव्ह्याजवळच्या आपल्या तांड्यावर परतला. सोमवारी सकाळी सहाला गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. गाडी एकदा दारातून गेली, की तीन वर्षांपूर्वीची गोष्टही जाईल, असं त्याला वाटत होतं.

"कोणती गोष्ट, आबा?" पोरांमधल्या ऋतिकनं विचारलं.

"याच गाडीखाली त्याचा धाकटा भाऊ मेला. बादल. हाडाचा मिस्त्री. टाकी बसवली का पाइपाच्या जोडावर आपल्या गळ्यातल्या लाल दुपट्ट्याची चिंधी बांधे, गळू नये म्हणून. लोक म्हणत, जॅक घसरला." रामरावांनी एक काडी मोडली. "घसरला नव्हता. वावराच्या धुऱ्यावरून दोघायचं वाजलं, अन् यानं जॅकले लाथ घातली. बरगड्या अशा मोडल्या."



रात्रीचे साडेअकरा. प्रेमसिंगची बायको लालीबाई झोपली होती. त्यानं मागचं चाक काढलं, जॅकखाली फळी सरकवली आणि आत शिरला. जुनी टाकी उतरवली. दुसरी छातीवर घेऊन वर रेटली.

टाकीच्या आतून... टक्. टक्.

टाकी रिकामी होती.

मग कानाशी, अगदी हळू, "भिया, जॅक बरोबर लागला ना?"

मरायच्या आधी बादलनं हेच विचारलं होतं.

"लागला," प्रेमसिंगच्या तोंडून निघालं. तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

जॅकपाशी दोन पाय उभे होते. अनवाणी. उजवा मागे गेला...

लाथ बसली. गाडी खाली आली. मांडीचं हाड फुटलं. रक्त. डिझेल. तोंडात माती. तो ओरडायला गेला, तशी टाकी गळ्यावर दाबली गेली. सुटली. पुन्हा दाबली. पुन्हा...

पहाटे लालीबाईनं पाहिलं. तांड्यातल्या माणसांनी गाडी उचलली. पाय मांडीतून कापावा लागला.

"अन् टाकी?" ऋतिक शेकोटीकडे सरकला.



टाकी जागेवर होती. दोन्ही पट्टे आवळलेले. पाइप जोडलेला. जोडावर लाल दुपट्ट्याची चिंधी बांधलेली.

तो दुपट्टा प्रेमसिंगनं आपल्या हातानं बादलच्या सरणावर टाकला होता.