खास नाणं कुणाचं?

दुकानाचं शटर ओढायला मी वळले आणि थेट त्याच्या छातीवर आदळले. हातातली आइस्ड कॉफी अर्धी त्याच्या शर्टावर, अर्धी माझ्या सँडलवर.

"सॉरी... पण तुम्ही असे दारातच कसे—"

"राहू द्या," शर्ट झटकत तो म्हणाला, "सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी गार लागलं."

जानेवारीतलं अ‍ॅडलेड, म्हणजे भर उन्हाळा. उत्तरेचा वारा नुसता भाजून काढत होता, त्यात दुकानांच्या सगळ्या आर्केडची वीज गेलेली.

"मेरिन टोली तुम्हीच ना? तुम्ही खोटं बोलत नाही म्हणे."

"नाण्यांबद्दल नाही."

"मग इतर गोष्टींबद्दल बोलता?"

"दुकान बंद झाल्यावर!"

तो हसला. आणि मी, शटर ओढायचं सोडून, त्याला आत घेतलं.

दुकान माझ्या मामाचं. त्याची नजर अधू झाल्यापासून नाणी पारखायचं काम माझ्याकडे होतं. हा एमिल लिंडनर, बरोसा खोऱ्यातल्या तानुंदा गावचा, वाइनची पिंपं बनवणारा. त्याच्या हातांना जळक्या ओक लाकडाचा खमंग वास येत होता. त्या हातांनी त्यानं दोन पुरचुंड्या उलगडल्या. दोन्हींत चांदीचं एकेक फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंगचं नाणं, १९२७ सालचं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला कॅनबेराचं नवंकोरं पार्लमेंट हाऊस.

"यातलं एक प्रूफ आहे," तो म्हणाला. "खास घोटलेल्या साच्यातून, संग्राहकांसाठी काढलेलं. निदान पणजोबा तसं म्हणाले होते. दोन मुलांना एकेक नाणं दिलं, 'एकाच्या वाट्याला खास आलंय' म्हणाले, आणि कुणाच्या ते न सांगताच गेले."

"मग?"

"मग काय! गॉटफ्रीड माझे आजोबा, ब्रूनो त्यांचे धाकटे भाऊ. समोरासमोर घरं. मधे फक्त रस्ता. माझ्या जन्माच्या आधीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकाला वाटतं, खास नाणं दुसऱ्यानं लाटलं." त्याचा आवाज खाली आला. "पुढच्या आठवड्यात ब्रूनोआजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. दोघांनी मला गुपचूप आपापलं नाणं दिलंय, म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस."

मी नाणी दाराच्या उजेडात धरली. त्याचं डोकं माझ्या डोक्याजवळ आलं... फारच जवळ.

"दिव्याशिवाय सांगता येणार नाही," मी घाईघाईनं म्हटलं. "नुसतं घासलेलं नाणंही या उजेडात आरशासारखं दिसेल. उद्या या."

"उद्या? नक्की या म्हणता?"

"नाण्यांसाठी म्हणतेय!"

"मीही नाण्यांसाठीच म्हणतोय," तो म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी तो दोन आइस्ड कॉफी घेऊन आला.

"आज 'तू' म्हटलं तर चालेल?"

"कॉफी अंगावर सांडल्यावर कसलं आलंय अहो-जाहो. बस. आणि कुठलं नाणं कुणाचं, ते मला सांगू नकोस."

दिव्याखाली मी पहिलं नाणं तिरपं केलं. झगझगीत होतं. पण भिंगातून बघितलं तर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघाच रेघा, आणि अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत चमक नावालाही नाही. प्रूफची चमक अक्षरांच्या पोटातसुद्धा शिरते. हे तर फडक्यानं घासलेलं. दुसऱ्यावर निळसर-सोनेरी छटा चढली होती. फिरवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरायचा. सुंदर! राजाच्या भुवईवर तेवढी किंचित झीज. पण कडा गोलसर होती, प्रूफसारखी ताठ, काटकोनी नव्हती.

मी पुन्हा पाहिलं.

"एमिल... दोन्ही साधी आहेत. चलनातली. छटावालं फार चांगल्या प्रतीचं, जवळजवळ न हाताळलेलं. दुसरं कुणीतरी घासघासून वाया घालवलंय. प्रूफ एकही नाही."

त्याचा चेहरा उतरला. "गॉटफ्रीडआजोबांचं खास निघालं असतं, तर ते मागून घेऊन मी ब्रूनोआजोबांच्या हातात देणार होतो. ऑपरेशनच्या आधी." जरा थांबून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "एखादं... खास म्हणता नाही का येणार?"

खरं सांगते, त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. त्या खांद्यांसाठी, त्या उतरलेल्या चेहऱ्यासाठी.

"नाही येणार," मी म्हटलं. "मी एकाला खास म्हटलं की दुसरा कायमचा हरला. मग ऑपरेशनला जाताना ब्रूनोआजोबा मनात काय घेऊन जातील?"

त्यानं नाणी पुन्हा पुरचुंड्यांत बांधली. मग म्हणाला, "मी सांगितलं तर दोघंही म्हणतील, पोरगा दुसऱ्याच्या बाजूचा. तू येशील तानुंदाला?"

रविवारी मी गेले. एमिलच्या आईनं वर खुसखुशीत चुऱ्याचा थर असलेला स्ट्रॉयझल केक केला होता आणि दोन्ही म्हाताऱ्यांना, दुसराही येणार आहे हे न सांगता, स्वयंपाकघरात बोलावलं होतं. एक भिंतीकडे तोंड करून बसला, दुसरा खिडकीकडे. मी नाणी टेबलावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं.

मग दोन्ही नाणी टेबलाच्या मधोमध सरकवली.

गॉटफ्रीड हळूच वळले. "म्हणजे तुझ्याकडेही नव्हतं?"

"माझ्याकडे?" ब्रूनो उसळले. "मी समजत होतो तुझ्याकडे आहे! इंद्रधनुष्यासारखं दिसायचं ते!"

"आणि तुझं चकाकायचं! मला वाटलं, चकाकतं म्हणजे तेच खास."

"चकाकायचं कारण मी दर ईस्टरला दंतमंजनानं घासायचो. तुझ्यासारखं दिसावं म्हणून."

"दंतमंजनानं? गाढवा, चांदी कुणी दंतमंजनानं घासतं?"

"मग सांगायचं होतंस ना! समोरच तर राहत होतास!"

गॉटफ्रीडनी केकचा मोठा तुकडा कापला आणि भावाच्या बशीत ठेवला. "ऑपरेशनला मी येतोय," ते म्हणाले. "तुला आवडो न आवडो." ब्रूनोंनी मान खाली घातली आणि ते केक खाऊ लागले.

मी हळूच व्हरांड्यात आले. द्राक्षमळ्यावरून संध्याकाळचा गार वारा सुटला होता. मागून एमिल आला, हातात माझ्या वाटणीच्या केकची बशी.

"रडतेस?"

"छे. डोळ्यात धूळ गेली."

"दोन्ही डोळ्यांत?"

"एमिल, गप्प बस आणि ऐक." मी धीर एकवटला. "मला तू आवडतोस. मी परत येईन, तू बोलावलंस तर. नाही बोलावलंस तरी बहुतेक येईनच..."

त्याच्या हातातली बशी सुटली. फरशीवर खळ्ळकन फुटली.

"काय फुटलं रे?" आतून गॉटफ्रीड ओरडले.

"काही नाही, आजोबा! मेरिन म्हणाली, मी तिला आवडतो... आणि मला काय बोलावं ते सुचत नाहीये!"

आतून दोन म्हातारे आवाज, एकदमच—

"हो म्हण की, गाढवा!"

"हो," एमिल म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला.