फ्रीजचा खालचा खण

"चोरी करताय का?"

मी दचकले. हातातली लेंडी पिशवीत पडायच्या ऐवजी बुटावर पडली. वळून बघते तर कुंपणाच्या फळीवर कोपर टेकून एक उंच माणूस माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागे साठएक मेंढ्या, आणि त्याही माझ्याकडेच बघत होत्या.

"मी... नमुना घेतेय," मी म्हटलं.

"कशाचा?"

आता काय सांगणार, कपाळ! "तुमच्या मेंढ्यांच्या... लेंड्यांचा."

"न विचारता?"

"लेंड्या घ्यायला विचारतं का कुणी?"

"माझ्या मेंढ्यांनी मेहनतीने केल्यात त्या," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

मी हसू दाबायचा खरंच प्रयत्न केला हो! पण नाही जमलं. मग तोही हसला, आणि हसताना त्याच्या डाव्या गालाला एक छोटीशी खळी पडली. ही खळी माझ्या संशोधनाची पार वाट लावणार आहे हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

तर मी कोण ते सांगते. मी जनावरांची डॉक्टर. आमच्या मेंढी संशोधन केंद्रात माझं काम एकच... जंत. मेंढीच्या पोटात एक बारीक जंत राहतो, रक्त पितो आणि रोज हजारो अंडी घालतो. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, गवतावर जातात, आणि पुन्हा दुसऱ्या मेंढीच्या पोटात. वर्षानुवर्षं सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजून पाजून हे जंत असे निर्ढावलेत, की नेहमीच्या औषधाला आता ते भीकच घालत नाहीत. माझं म्हणणं होतं, मेंढीला चांगली पेंड घाला. पोट भरलेली मेंढी जंताशी स्वतः लढते, औषध लागतं ते मोजक्याच मेंढ्यांना. केंद्रातले थोर लोक यावर गालात हसायचे. मला ते सिद्ध करून दाखवायचं होतं, आणि त्यासाठी हवा होता एक कळप आणि एक तयार मालक.

"तयार आहे मी," माझं सगळं ऐकून तो म्हणाला. "पण एक अट. आधी पापणी बघायला शिकायचं."

त्याने जवळची मेंढी पायांत धरली, अंगठ्याने तिची खालची पापणी हलकेच ओढली. "आत लाल दिसतंय ना? ही ठणठणीत. फिकट झाली की समजायचं, आत कुणीतरी रक्त पितंय. पांढरी झाली तर... धावायचं."

"आमच्याकडे त्याचं रंगांचं कार्ड आहे छापलेलं."

"मग माझ्या अंगठ्याशी ताडून बघा ना."

बघितलं. वीस मेंढ्या. अंगठा एकदाही चुकला नाही. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्याला पापणीवाला म्हणायला लागले. तो मला तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणायचा, आणि मेंढ्यांपाशी काय म्हणायचा देव जाणे.

आम्ही कळपाचे दोन भाग केले. निळ्या पट्ट्याच्या तीस मेंढ्यांना रोज पेंड, पिवळ्या पट्ट्याच्या तिसांना नुसतं चरणं. दर मंगळवारी मी जायची. सकाळी निळ्यांचे नमुने घ्यायचे, ते केंद्राच्या दुपारच्या गाडीने ड्रायव्हरकाका घेऊन जायचे. दुपारी पिवळ्यांचे नमुने, ते संध्याकाळी माझ्या जीपमधून. लेंड्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, बुधवारी मायक्रोस्कोपखाली अंडी मोजायची. एखाद्या मेंढीचा आकडा वाढला तर तिला औषध. सरळ साधं काम.

पण मध्ये चहा आला ना!

चहा तो स्वतः करायचा, त्यासाठी दूध आणायला दोनदा घरात जाऊन. शेडच्या दारात दोन बादल्या पालथ्या घातलेल्या, एक माझी, एक त्याची. बाहेर ढग उतरलेले, हवेत उबट ओल, ओल्या लोकरीचा वास, मध्येच पत्र्यावर पावसाची चार टपोरी टिपटिप...

"साखर?" तो विचारायचा.

"एक चमचा. दर मंगळवारी तेच सांगते."

"माणसं बदलतात. विचारलेलं बरं."

"मेंढ्यांनाही असंच रोज विचारता?"

"मेंढ्या अशा डोळ्यांत बघून उत्तर देत नाहीत."

आता अशा बोलण्यावर माणसाने उठून जीप चालू करायची असते. मी मात्र दुसरा कप घ्यायची. घड्याळ? घड्याळ कुणाच्या लक्षात राहतंय!

केंद्रात पोचेपर्यंत साडेपाच होऊन जायचे. आणि आमचे लॅबकाका फ्रीजच्या खोलीला कुलूप घालायचे पाच वाजता. पाच म्हणजे पाच, स्वतः संचालक, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडम, आल्या तरी उघडायचे नाहीत. घरी न्यायची सोयच नव्हती. एकदा लेंड्यांचा डबा आमच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवला होता, तेव्हा आईने जे काही केलं ते शेजारपाजारच्यांना अजून आठवतंय. "पुन्हा हा डबा दिसला तर लेंड्याही घराबाहेर आणि तूही!" म्हणून पिवळ्यांची पिशवी माझ्या टेबलावर, खिडकीपाशी राहायची. बुधवारी दुपारी मोजायची वेळ होईपर्यंत तिथेच. एका रात्रीने काय होतंय, असं मला वाटायचं.

सहा आठवडे झाले. आकडे मांडले. निळ्या आणि पिवळ्या, दोन्हींची अंडी जवळजवळ सारखी. म्हणजे पेंडीचा काडीचाही उपयोग नाही!

मोठ्या मॅडमनी कागद शांतपणे खाली ठेवला. "सोमवारी बैठक आहे. तोपर्यंत काही नवीन हाती लागलं नाही, तर हे काम बंद. तुम्हाला दुसऱ्या केंद्रावर पाठवावं लागेल."

दुसरं केंद्र दोन दिवसांच्या प्रवासावर. काम जाणार, मंगळवार जाणार, पालथी बादली जाणार... खोटं कशाला बोलू, मला सगळ्यात जास्त त्या बादलीचं वाईट वाटलं.

त्या मंगळवारी गेले तेव्हा माझं तोंड उतरलेलंच होतं. आणि पापणीवाला कधी नव्हे तो चिडलेला. त्याच्या लाडक्या मेंढीला तो राणीसाहेब म्हणायचा. पिवळ्या पट्ट्यातली, म्हातारी, महा खवचट. ती कोपऱ्यात मान टाकून उभी होती.

"पापणी बघा तिची."

बघितली. फिकट होती. फारच फिकट.

"औषध द्या तिला आत्ताच्या आत्ता."

"गेल्या आठवड्यात तिचा आकडा अगदी कमी होता," मी म्हटलं. "नियम आकड्याचा आहे. मध्येच औषध दिलं तर उरलासुरला प्रयोगही..."

"ती मरायला टेकलीय आणि तुम्ही आकडा सांगताय?"

"आकडा खोटं बोलत नाही!"

"मग मी बोलतो?" तो माझ्याकडे बघत राहिला. खळी कुठल्या कुठे गेलेली. "घ्या तुमचा नमुना आणि जा, बाई."

डॉक्टरीणसुद्धा नाही. नुसतं बाई. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नमुने घेतले, जीप चालू केली. त्या दिवशी चहा झाला नाही.

केंद्रात पोचले तेव्हा लॅबकाका कुलूप हातात घेऊन दारातच उभे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चार चाळीस! अरे वा. आज सूर्य कुठे उगवला?"

पिशवी फ्रीजमध्ये गेली. बुधवारी सकाळी पहिली काचपट्टी राणीसाहेबांची. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मी खुर्चीतून उठलेच. अंडीच अंडी! मोजता मोजता बोटं दुखली. आकडा गेल्या आठवड्याच्या सोळापट.

एका आठवड्यात? शक्यच नाही. दुसरी पट्टी बघितली, तिसरी बघितली. पिवळ्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचे आकडे चढलेले. काय बदललं होतं? तेच गवत, तीच मेंढी, अंडी तरंगवायचं तेच मिठाचं पाणी... आणि काकांचं चार चाळीस!

मी डोक्याला हात लावला. उबेत ठेवलेल्या लेंड्यांतली अंडी दिवसभरात फुटतात, त्यातून अळ्या निघून जातात. मग मोजायला उरतं काय? पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा हे सांगेल. सहा आठवडे पिवळ्यांची अंडी माझ्या खिडकीत उबत होती, फुटत होती, आणि मी न फुटता उरलेल्यांचा आकडा मांडत होते. पेंडीचा उपयोग होत होता. आकडा बुडवला होता चहाने!

कपाटात राखून ठेवलेलं नवं औषध उचललं आणि जीप अशी हाणली की विचारू नका. तो राणीसाहेबांपाशी बसला होता, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी आधी तिला औषध पाजलं, पांढऱ्या पापणीच्या आणखी पाच होत्या त्यांनाही पाजलं. मग मात्र बांध फुटला.

"तुमचा अंगठा बरोबर होता, माझा आकडा चुकला. चूक माझी. पिशवी उशिरा पोचायची, कारण मी... मी इथे बसून राहायची."

"चूक एकटीची नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दूध आणायला मी दर वेळी दोनदा घरात जायचो ना?" त्याचे कान लालभडक झाले होते. "पहिल्याच फेरीत आणलेलं असायचं."

मी त्याच्याकडे बघितलं, तो मेंढीकडे. राणीसाहेबांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

शनिवारपर्यंत ती उठून गवताला तोंड लावायला लागली. सोमवारी मी बैठकीत उभी राहिले. मोठ्या मॅडम, दोन ज्येष्ठ डॉक्टर, लॅबकाका, आणि कळपाचा मालक म्हणून तो. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"नमुने उशिरा का पोचायचे?" मॅडमनी विचारलं.

"चहामुळे, मॅडम."

"सहा आठवडे?"

"चहा चांगला असायचा."

एक ज्येष्ठ डॉक्टर खाकरले. मॅडमनी चष्मा काढला. "इतका चांगला?"

आता लपवून काय मिळणार होतं? मी सांगून टाकलं. "चहा ठीकच असायचा. चहा करणारा आवडतो मला."

लॅबकाका कुलपाच्या किल्लीकडे बघत होते. आणि पापणीवाला उठून उभा राहिला. मला वाटलं, निघालाच हा! पण त्याने पिशवीतून एक मळकी वही काढून मॅडमसमोर ठेवली.

"सहा आठवड्यांच्या पापण्या आहेत यात," तो म्हणाला. "दर मंगळवारी, साठही मेंढ्यांच्या. डॉक्टरीणबाई गेल्या की लिहायचो. त्यांचे आकडे गेले असतील वाया, पण त्यांचं काम नाही गेलं." मग वहीकडेच बघत, "आणि मलाही... म्हणजे... तेच, त्या म्हणाल्या ते."

वहीत सगळं होतं. निळ्यांच्या पापण्या लाल, पिवळ्यांच्या आठवड्यागणिक फिकट. मॅडम पानं उलटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तीन आठवडे देते. चहा खुशाल प्या, पण बर्फाची पेटी शेजारी ठेवून."

तीन आठवडे पेटी आमच्या दोन बादल्यांच्या मध्ये बसली. आकडे आले. पिवळ्यांची अंडी निळ्यांच्या चौपट! तीस निळ्यांपैकी औषध लागलं फक्त दोघींना. गालात हसणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि उभं राहून माझा हात हातात घेतला. काम बंद होणं लांबच, आता ते पाच कळपांवर करायचं ठरलं. दुसऱ्या केंद्राचं नावही कुणी काढलं नाही. लॅबकाकांनी फ्रीजच्या खोलीची दुसरी किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. काकांच्या बाजूने हे म्हणजे हारतुरेच!

बातमी सांगायला मी पळतच शेडवर गेले. ऐकून त्याने मला उचललं आणि गरकन फिरवलं, साठ मेंढ्यांच्या देखत. मग म्हणाला, "घरात चल. आईने काहीतरी करून ठेवलंय." कधी तुम्हीचं तू झालं, दोघांनाही कळलं नाही.

स्वयंपाकघरात त्याची आई पदराला हात पुसत उभी होती. तिने फ्रीज उघडला. वर दूध, भाज्या, डबे. खालचा खण मात्र स्वच्छ पुसलेला, रिकामा, आणि त्याला चिकटवलेल्या कागदावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: डॉक्टरीणबाई.

"लेंड्या ठेवायला," त्याची आई म्हणाली. "मी काही बोलणार नाही. मेंढ्यांच्या घरात लेंड्यांची कसली आलीय किळस!"

"फक्त मंगळवारसाठी?" मी त्याच्याकडे बघून विचारलं.

"रोजसाठी," तो म्हणाला. खळी परत आली होती. "कायमचा. तुला चालणार असेल तर..."

"चालेल," मी म्हटलं. "साखर एक चमचा. पुन्हा विचारायचं नाही."

"विचारणार," तो म्हणाला.

मी तिथूनच घरी फोन लावला. घाईघाईत नंबर दोनदा चुकला.

"आई," मी म्हटलं, "माझ्या लेंड्यांना फ्रीज मिळाला!"

"सुटले बाई एकदाची!" पलीकडून आई म्हणाली. "आणि तुला?"

मी वळून बघितलं. तो पातेलं गॅसवर ठेवत होता, आणि दूध शेजारीच होतं.

"मलाही, आई," मी म्हटलं. "मलाही घर मिळालं."