चोविसावी ओळ

दार लावून घ्या, आणि मध्येच कुणी काही विचारू नका. दगडावर अक्षरं कोरणारा एक मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचा. माणूस कामाचा, पण संशयी असा की स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागेल. ही त्याची गोष्ट.

नदीकाठच्या स्मारकाचं काम त्याला मिळालं. युद्धाच्या दिवसांत तिथे जवानांचा रात्री नदी ओलांडायचा सराव चालू होता आणि एक होडी उलटली. चोवीस जण होते. तेवीस जणांचे मृतदेह सापडले. चोविसावा मिस्त्रीचा काका. सापडला नाही म्हणून कागदावर पळपुटा ठरला. काकूने पन्नास वर्षं टोमणे गिळले, त्याची पत्रं आणि कागद रागाने जाळून टाकले. आता ती अंथरुणाला खिळली होती. मरायच्या आधी नवऱ्याचं नाव त्या दगडावर बघायचं, एवढंच तिचं मागणं. पण नावांची यादी देतानाच स्मारकाच्या कामावरच्या साहेबाने मिस्त्रीला बजावलं होतं, तेवीस म्हणजे तेवीस. चोविसावं कोरलंस तर काम गेलं म्हणून समज.

मिस्त्री आधी खडू लावलेली दोरी ताणून ओळी पाडायचा, मगच छिन्नी धरायचा. तेवीस ओळी पाडल्या. सकाळी बघतो तर जुन्या पुसून चोवीस पाडलेल्या, जरा जवळजवळ. असं तीनदा झालं. साहेब आपल्याला अडकवायला बघतोय, अशी त्याची खात्रीच पटली. मग वाटलं, तिथला चौकीदार असेल. चौकीदाराने आईची शपथ घेतली, तेव्हा तर मिस्त्रीचा संशय दुप्पट झाला. शेवटी उद्घाटन तोंडावर आलं. वैतागून त्याने त्याच ओळींवर तेवीस सैनिकी क्रमांक आणि तेवीस नावं कोरली. शेवटची ओळ रिकामी राहिली.

सोमवार, चौदा तारीख. चोर पकडायचाच म्हणून तो स्मारकापाशी एकटा बसला. रात्री अकरा चाळीसला दिवा गेला.

पाण्यात वल्हं पडल्यासारखा आवाज आला. मग मोजणी.

एक... दोन... तीन...

तेवीस.

मग काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून. वेगवेगळे आवाज. तरणे. तुमच्या वयाचे.

"कोण आहे रे? पुरे झाली चेष्टा."

तेवीस... आणि गप्प. सगळे थांबलेले. कुणाची तरी वाट बघत.

त्याच्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. थंडीने काकडत.

"काका?"

...

मिस्त्रीला रडू कोसळलं. साहेब गेला खड्ड्यात, म्हणाला. अंधारात बोटांनी ओळ चाचपली आणि नाव कोरलं. नुसतं नाव. बाकीच्यांच्या नावापुढे सैनिकी क्रमांक होता. काकाचा त्याला ठाऊकच नव्हता. तेवढी जागा सोडून, छिन्नी पिशवीत घालून तो घरी आला.

सकाळी काकूला खुर्चीत बसवून नेलं. साहेब तिथे आधीच उभा होता, हातात फोन. मिस्त्रीने मान खाली घातली.

"क्रमांक कुणी सांगितला तुला?" साहेबाने हळू विचारलं. "मी लष्कराच्या मुख्य कार्यालयात विचारलं. बरोबर आहे."

मिस्त्रीने दगडाकडे पाहिलं. नावापुढे सात आकडे होते. त्याच्या हातचे नव्हते.

साहेबाने टोपी काढली. नाव राहू दे, म्हणाला. काकूने हात लांब करून एकेक आकडा बोटाने चाचपला. मग तिने बोट मिस्त्रीसमोर धरलं.

बोट ओलं होतं. त्याला नदीची वाळू लागली होती.