करकोचे उडाले नाहीत

ही गोष्ट मी आजवर कुणाला लिहून दिलेली नाही. खरी मानायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मात्र तिथं होते.

१९६४चा जानेवारी. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. जागा, चिखली तालुक्यातल्या उंद्रीजवळचं तळं.

वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे अकरा वाजलेले. लख्ख ऊन.

आमचे हे, इंद्रभानराव, चिखलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. लग्नाला अकरा महिने झाले होते. त्या काळी नवरे बायकोशी चारचौघांत बोलत नसत. हे मला सायकलच्या दांडीवर बसवून तळ्यावर न्यायचे.

"गाव काय म्हनन?" मी विचारायचे.

"गाव पाहून राह्यलं त पाहू दे!"

इतका जीव होता माझ्यावर.

नागपूरच्या एका मासिकानं यांना कळवलं होतं, करकोच्यांचा जवळून फोटो काढून पाठवा, मुखपृष्ठावर छापू. करकोचे हिवाळ्यात यायचे. कमरेइतके उंच, राखाडी अंगाचे, काळ्या गळ्याचे. सकाळी हरभऱ्यात चरायचे आणि ऊन चढलं की पाण्यावर यायचे.

यांनी काठावर तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, खोपी बांधली. पण पाखरं हुशार. माणूस आत शिरताना दिसला की पलीकडच्या काठावरून हलायचीच नाहीत.

मग यांनी युक्ती काढली. दोघांनी आत जायचं. थोड्या वेळानं मी एकटीनं बाहेर पडायचं, पाखरांना दिसेल असं बांधावर जायचं. त्यांना वाटेल, माणूस गेला.

"पाखराले मोजता येत नाही," हे हसून म्हणायचे.

तळ्याकाठी मोतीरामबुवांचा मिरची-वांग्याचा मळा होता. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मास्तर, बायकोले घेऊन पाखरं पाहाले येनारे तुमीच पह्यले!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला बांधावर येताना पाहिलं. थट्टा थांबली.

"बाई, मास्तर कुठं हायेत?"

"खोपीत."

"मांगं फिरा. त्यायले संगं घेऊन या. इथं जितके खाली उतरतात, तितके संगंच वर येतात. गावचा रिवाज हाय."

"काऊन बुवा?"

"गावातला कडूबा अन् त्याचा साडू इथं शिकारीले बसले होते. पाखरावरून भांडन झालं. साडू एकटाच वर आला. कडूबाचं डोस्कं बंदुकीच्या दस्त्यानं फोडेल होतं. तवापासून जो एकटा वर येते, तो..."

त्या दिवशी मी मागं फिरले आणि यांना घेऊनच वर आले.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. हे पोट धरून हसले. "उद्याचाच दिवस. फोटो भेटला का संपलं."

तिसरा दिवस.

खोपीत बसल्यावर यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "जाय आता. मांगं पाहू नको, पाखरं बिचकतात."

मी निघाले. मागं पाहिलं नाही.

बांधावर मोतीरामबुवा उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पुन्हा एकट्याच आल्या?"

तेवढ्यात करकोचे आले. पन्नासेक असतील. खोपीपासून दहा पावलांवर उतरले. मला आनंद झाला. फोटो मिळणार होता.

मग... सगळे करकोचे एकदम गप्प झाले.

वाराही पडला.

आणि आवाज आला. धप्प.

ओल्या पोत्यावर काठी हाणावी तसा.

धप्प... धप्प...

खोपी हलली. तुराट्या कडाकडा मोडल्या. हे ओरडले. माणूस असा ओरडू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

पण करकोचे उडाले नाहीत.

नुसती टाळी वाजवली तरी उडणारी पाखरं. एकानंही मान वळवली नाही.

"नका जाऊ, बाई! आत्ता नका जाऊ!" मोतीरामबुवांनी माझा हात धरला होता. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त येईपर्यंत. मग धावले.

मी दिसताच सगळे करकोचे एकदम उडाले.

खोपीत हे पालथे पडले होते. जबडा मोडलेला. उजवा डोळा फुटलेला. तुराट्यांना रक्त आणि केस चिकटलेले.

आत दुसरं कुणी नव्हतं.

चिखलात पावलं होती. आत जाणारी दोघांची. बाहेर येणारी... फक्त माझी.

मी वाकले. यांनी उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि सरपटत मागे सरकले. दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"नको... आता नको मारू मले..."

पोलीस आले. मोतीरामबुवांनी मनगटावरचे वण दाखवले. शपथेवर सांगितलं, बाई माझ्याजवळ बांधावर उभी होती. मी सुटले.

हे वाचले. पुढं एकतीस वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो. मी वाढायला वाकले की ताट सोडून मागे सरकत. दार आतून लावून झोपत. मला कधी बोल लावला नाही, पण मोतीरामबुवांच्या शपथेवर त्यांचा विश्वास बसला नाही.

हे गेल्यावर त्यांच्या पेटीत एक पाकीट सापडलं. त्या दिवसाच्या रोलचे बारा फोटो.

अकरा करकोच्यांचे. फार सुंदर.

बारावा... माझा.

खोपीच्या आतला. तेच लुगडं. विस्कटलेलं कुंकू. ओठ फाकलेले, दात आवळलेले. हात वर उचललेला. हातात काय आहे, ते फोटोत आलेलं नाही.

तो फोटो मी जाळला. कुणाला दाखवणार होते?

मोतीरामबुवाही कधीचे गेले. त्या वेळी मी बांधावर होते, हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे.

कधी कधी डोळे मिटून तो बांध आठवायला बसते. पायाखालची माती, बुवांचा हात, काहीतरी...

बांध आठवत नाही.

तुराट्यांचा वास येतो. आणि माझं उजवं मनगट दुखायला लागतं.