उसवलेल्या स्वेटरची लोकर

"अहो, बोटं भाजतील ना! काय चाललंय काय तुमचं?"

कारखान्याच्या बॉयलर-खोलीत पेइयुन थर्मास भरायला आली होती आणि बघते तर काय, एक उंच तरुण वाफेच्या नळापाशी लोकरीशी झटापट करत उभा! उसवलेली निळी लोकर, शेवयांसारखी वळ्यावळ्यांची, त्याच्या मनगटांना, कोपरांना, अगदी कोटाच्या बटणालासुद्धा गुरफटलेली.

"वाफ दिली की सरळ होते म्हणे..." तो बिचारा पुटपुटला.

"होते. पण आधी लड बांधायची असते, मग वाफ द्यायची. हे काय, नुसता गुंता करून ठेवलात! द्या इकडे."

गुंता सोडवता सोडवता सगळं कळलं. त्याचं नाव शौछंग, लेथवर काम करायचा. भाऊ रेल्वेच्या कामावर दूर डोंगरात, वहिनी आजारी पडून दवाखान्यात, आईला सुईचं टोक दिसत नाही. घरात दोन वर्षांची पुतणी, दौदौ. गेल्या वर्षीचा स्वेटर तिच्या बेंबीच्याही वर गेलेला.

"मग विणणार कोण? तुम्ही?"

"शिकेन की... तुम्ही शिकवाल?"

तो असा काही हसला, की पेइयुनची नजर आपोआप खाली गेली. बाहेर उत्तर चीनमधल्या शेनयांगच्या छपरांवर बर्फ भुरभुरत होता. "शिकेपर्यंत पोर गोठेल," ती म्हणाली. "मीच विणते. तुम्ही नुसती लड धरा."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या खोलीत हा कार्यक्रम. दोन्ही हातांवर लड ताणून तो समोर बसायचा आणि ती गुंडा वळायची. दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर.

"हात खाली येतायत."

"तुमच्याकडे बघितलं की येतात..."

"मग भिंतीकडे बघा!"

पण भिंतीकडे बघायची वेळ लवकरच तिच्यावर आली. एके दिवशी त्याने उरलेला अर्धा स्वेटर उसवायला आणला. पुरुषाचा स्वेटर! पाठीवर वेण्यांची नक्षी, एकसारखे, दाट टाके. घाईत विणलेलं नव्हतंच ते. कुणीतरी जीव ओतला होता त्यात. आणि या गावात कुठलीही मुलगी परक्या पुरुषासाठी उगाच स्वेटर विणत नाही. विणला म्हणजे होकार दिला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पेइयुन त्या वेण्यांवरून बोट फिरवत राहिली. कोण ही? कुठे असते? परत आली तर?

"विचार ना सरळ!" शेजारच्या टेबलावरून सोंगताई कुजबुजल्या. "नक्षी तिची, आणि राबायला तू. छान आहे!"

"मी त्या पोरीसाठी विणतेय, ताई."

"हो का? मग तो दारात आला की सुया का खाली पडतात तुझ्या?"

विचारायची तिची हिंमत होईना. विचारलं आणि त्याने एखादं नाव घेतलं तर? नकोच ते. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. ती रात्रंदिवस विणत सुटली. मनातली सगळी धास्ती बोटांत उतरली आणि टाके आवळत गेले... आवळत गेले... तिला पत्ताच नाही.

रविवारी ती स्वेटर घेऊन शौछंगच्या घरी गेली. दौदौने आनंदाने हात वर केले, डोकं आत घातलं आणि गळ्यात अडकली! ना वर, ना खाली. आतून भोकाड, बाहेर नुसती शेंडी. शौछंग हसून हसून लोळायचा बाकी. आजीने कशीबशी पोरगी ओढून बाहेर काढली. कान लाललाल झालेले.

आणि पेइयुन? तिला एकदम रडूच फुटलं.

"अहो, गळाच तर आहे! त्यात रडायचं काय?"

"मला नाही जमत! जिने तुमचा तो स्वेटर विणला... तिच्याकडूनच घ्या ना विणून!"

आजी नातीला उचलून गुपचूप स्वयंपाकघरात गेली. शौछंग खाली, तिच्यासमोर, उकिडवा बसला.

"ती दक्षिणेत गेली बदलीवर. तिकडेच लग्न केलं. दोन वर्षं झाली. स्वेटर कपाटात होता... घालवत नव्हता, टाकवतही नव्हता. मग एका सकाळी दौदौ थंडीने काकडताना दिसली आणि घेतली कात्री."

"वाईट... नाही वाटलं?"

"पहिली ओळ उसवताना वाटलं. फार वाटलं. नंतर नंतर हातात नुसती लोकर उरली." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून तर गेले आठ-दहा दिवस बोलत नाही माझ्याशी... माझीही झोप उडालीय, पेइयुन."

तिने नाक पुसलं, गळा उसवला आणि तिथेच बसून सैल हाताने पुन्हा विणला. या वेळी दौदौचं डोकं सर्रकन बाहेर आलं.

सोमवारी शौछंग पॅकिंगच्या खोलीत आला. काखेत पुडकं, चेहरा पांढराफटक. सोंगताईंसकट सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

"ही... नवी लोकर आहे. राखाडी. अजून कुणाचीच नाही." त्याने पुडकं पुढे केलं. "कुणाकडे द्यावी, कळत नाही. नको म्हणालात तर... तर दौदौला विजार होईल."

एवढ्या बायका, एवढे डोळे! पेइयुनने पुडकं सोडलं, दोन-अडीच हात धागा ओढला आणि उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"हात वर कर."

"अं?"

"छातीचं माप घ्यायचंय."

त्याने हात वर केले. धागा त्याच्या पाठीमागून फिरून पुढे आला आणि तिच्या बोटांत जुळला. कोणीतरी बाई खुदकन हसली.

"म्हणजे..." तो अगदी हळू म्हणाला, "हो ना?"

"लोक बघतायत, हलू नकोस." आणि मग, मान वर न करताच, "हो."